चार सेकंद वाचवल्याची कबुली

तीर्थस्वरूप बाबांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच आहे. हॉस्पिटलच्या संगणक खोलीत टेबलाखाली, वायरींच्या जंजाळात पालथा पडून हे लिहितो आहे.) आपली पाठ कशी आहे? आईंचा नवा चष्मा लागला का डोळ्यांना? आम्ही इकडे मजेत आहोत. आम्ही म्हणजे मी सोडून बाकीचे. फोनच केला असता, पण दुपारी एक ते चार आपण फोन बंद करून पडता आणि ती झोप मोडायची छाती आपल्या लेकीची नाही, तिथे माझी काय कथा! पेशंट आणायला व्हॅन दोन वाजता आपल्या गल्लीकडे निघते आहे. ड्रायव्हरकाका चिठ्ठी आईंच्या हातात देतील. आता एक वाजून वीस मिनिटं झाली आहेत.

निवृत्त होताना आपण डायलिसिसचा प्रोग्राम माझ्या हवाली केलात, त्याला दोन वर्षं झाली. उद्या कोणता पेशंट किती वाजता कोणत्या मशीनवर, ही यादी तो रोज काढतो. बावीस माणसं, सहा मशीनं, त्यात कावीळवाल्यांचं मशीन वेगळं. चार वाजता यादी थोरल्या सिस्टरच्या हातात पडायला हवी. मग त्या फळ्यावर उतरवतात आणि पेशंटना कळवतात. आज यादी नाही. सकाळी सातला पहिला नंबर त्या शिंपीकाकांचा असतो (आपल्या लग्नाचा कोट शिवणारे तेच). पाळी पुढे गेली की त्यांना धाप लागते. हे मला ठाऊक होतं, बाबा, आणि तरीही मी उद्योग केला.

उद्योग असा. (आईसुद्धा हे वाचतील म्हणून फोड करून सांगतो: पायथन नावाच्या भाषेत हा प्रोग्राम लिहिला आहे. त्या भाषेच्या आवृत्त्या निघत राहतात. आपला प्रोग्राम जुन्या आवृत्तीशिवाय कुणाशी बोलत नाही, हॉस्पिटलची बाकीची कामं नव्या आवृत्तीवर चालतात. कोणत्या कामाला कोणती आवृत्ती द्यायची हे बघणारा कारभारी म्हणजे व्हर्जन मॅनेजर.) आपण बसवलेला कारभारी विश्वासू होता, पण हळू. हुकूम टाइप करायची काळी खिडकी पडद्यावर उघडली की चार सेकंद विचार करायचा. दोन वर्षं मी ते चार सेकंद दातओठ खात काढले. आज सकाळी नव्या कारभाऱ्याची तारीफ वाचली आणि दहा वाजता त्याला आणून बसवला. संगणकावर आपण चिकटवलेला 'विचारल्याशिवाय बदलू नये' हा कागद मी वाचला नाही असं नाही. तो मी हात टेकायला वापरत होतो.

नवा आला तरी जुना उठेना. आवृत्ती मागावी एकाकडे तर उत्तर द्यावं दुसऱ्याने. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी प्रोग्रामची गत. तेव्हा मी ठरवलं, एका घरात दोन कारभारी नकोत, आणि जुन्याचं सगळं बिऱ्हाड पुसून टाकलं. पुसल्यावर आठवलं की जुनी आवृत्ती त्याच बिऱ्हाडात राहत होती. नव्याला म्हटलं, तू बांध जुनी. त्याने वीस मिनिटं पडदाभर अक्षरं ओकली आणि लाल ओळीत कळवलं की ती ज्या जुन्या भागांवर उभी राहते ते आता या संगणकावर नाहीत. पुन्हा बांधली, पुन्हा लाल. मग नव्यालाही काढून तिसरा आणला. तो झटपट निघाला. पहिल्या मिनिटालाच नाही म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डब्यातली पोळी तशीच आहे. भीती वाटते, बाबा. खरंच वाटते.

मध्येच सिस्टर येऊन "चारला यादी हवी हं," म्हणून गेल्या. रोजच म्हणतात, पण आज मी टेबलाखालूनच हो म्हणालो.

आपल्या तब्येतीला जपावं. आईंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (आजपासून),
जावई

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. आपल्या जुन्या लॅपटॉपवर ती आवृत्ती आहे असं आपली लेक म्हणते. तो काकांबरोबर द्यावा. आपल्याला जाग न येता दिला तर फारच उत्तम.

ता. क. दुसरा. दोनला पाच कमी. सिस्टरनी मागे उभं राहून चिठ्ठी वाचली (मी पालथा होतो, कळलं नाही) आणि हसून खुर्चीत बसल्या. मग मोबाईल दाखवला. उद्याची यादी त्यात साडेबारालाच आली आहे, आपल्याकडून. रोज बारा वाजता त्या आपल्याला फोनवरून बदल सांगतात, आपण त्या लॅपटॉपवर यादी काढून पाठवता आणि मगच झोपता, गेली दोन वर्षं. फळ्यावर आपली यादी चढते. माझ्या कागदाच्या पाठीवर सिस्टर औषधांचा हिशेब करतात. शिंपीकाकांची सातची पाळी पक्की आहे. सुटलो, बाबा. रडूही आलं, कशाचं ते नीट सांगता येत नाही. लॅपटॉप नको. एवढंच कळवावं: दोन वर्षांत माझी यादी कधी चुकली का?

ता. क. तिसरा. काका हॉर्न वाजवताहेत. वरचा प्रश्न सिस्टरनाच विचारला. म्हणाल्या, दोन्ही याद्या त्या रोज ताडून बघतात आणि एकदाच फरक पडला होता. एक पेशंट दोन मशीनवर लागला होता. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर माझी यादी चढवली, आणि आपल्याला आजवर सांगितलं नाही.

मीही सांगितलेलं नाही असं समजावं. उद्या सवडीने लॅपटॉप घेऊन आपणच या. खुर्ची पुसून ठेवतो.