एकच लांब बीप

४ मार्च, सोमवार

लॅपटॉप गेला! सकाळी चहा ओतून घेतला, बटण दाबलं — दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळा ठिक्कर. आणि एक लांब बीप. बंद करून पुन्हा चालू केला. तेच. तिसऱ्यांदा जरा दटावून केला. तेच!

घाबरले, खोटं कशाला लिहू? नोरूझच्या, नव्या वर्षाच्या मेळाव्यात आमची शाळा गाणार ते गाणं सगळं त्याच्यात. तिन्ही आवाजांची मांडणी माझी, साथीच्या कोमुझच्या, आमच्या तीन तारांच्या वाद्याच्या, जागा माझ्या. अर्धी पानं छापून मुलांना दिली आहेत. उरलेली अर्धी त्या काळ्या पडद्यामागे.

कागदावर का नाही लिहिलं? कारण गेल्या वर्षी मीच सगळ्या शिक्षकांना भाषण दिलं होतं — आता कागद सोडा, संगणकावर स्वरलिपी लिहायला शिका! आता ते सगळे हसतील.

हसू देत. दुरुस्त होईल. यंत्रच आहे, नवरा नाही.

५ मार्च

उलारबेकला फोन लावला. बहिणीचा मुलगा, मला ताएजे म्हणतो, म्हणजे मावशी; बिश्केकला संगणक दुरुस्त करतो. लहानपणी माझ्याकडेच गाणं शिकला, म्हणजे मी शिकवलं, तो शिकला असं नाही.

'ताएजे, कितीदा वाजतो ते सांगा. त्याच्यावरच सगळं असतं. पडदा बंद असला की लॅपटॉप आवाजातून सांगतो, काय दुखतंय ते.'

'एकदा. लांब.'

'नीट ऐकलंत?'

मला विचारतो! म्हटलं, 'अरे, या काराकोलमधली निम्मी पोरं सूर ओळखायला माझ्याकडे शिकली. तुझा 'ला' हा सूर कायम उतरायचा, विसरलास?'

तो हसला. 'मग प्रश्नच मिटला. तुमच्या कानावर शंका घेणारा मी कोण! एक लांब म्हणजे मेमरीची पट्टी. हलली असेल नाहीतर मेली असेल.'

आधी सोपे उपाय झाले. चार्जर काढा, बॅटरी काढा, बटण दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. केलं. काही नाही. मग पडद्यावर टॉर्च मारून बघा, अंधुक चित्र दिसतं का. माझंच तोंड दिसलं.

उद्या उघडायचा. उलारबेक म्हणत होता, दुकानात द्या. कशाला? कोमुझच्या तारा मी स्वतः चढवते, सरकलेली घोडी स्वतः बसवते. चार स्क्रूंना काय भ्यायचं!

६ मार्च

उघडला! मुलगा खाणीवर पाळीला गेलाय, त्याच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला. जिबेक — आमची केलिन, म्हणजे सून — बाळाला कडेवर घेऊन दारात उभी. 'आपा, त्याला विचारून घ्यायला हवं होतं...' म्हटलं, तो डोंगरावर, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात. विचारायचं काय?

आत किती धूळ! त्यातच कधीतरी तळलेल्या बोऱ्सोकचा चुरा जाऊन बसला होता. पुसलं सगळं. पट्ट्या दोन निघाल्या, बोटभर लांबीच्या. सोनेरी कडा उलारबेकने सांगितल्या तशा खोडरबरने घासल्या. एकेक करून बसवल्या, 'टक्' आवाज येईपर्यंत दाबल्या. आधी एकच लावून पाहिली, मग दुसरी, मग खाचा बदलून.

दर वेळी काळा पडदा. दर वेळी ती एक बीप.

जिबेक म्हणाली, 'तीनदा वाजला ना, आपा?'

'एकदा.'

'लांब झाल्यावर ते दोन बारीक...'

'बाळाच्या हातातलं खेळणं वाजलं असेल.'

तिने बाळाच्या हाताकडे पाहिलं. गुणी पोर, वाद घालत नाही. फक्त हल्ली पुटपुटायला लागली आहे. किती वेळा सांगितलं, तोंड उघडून बोल. माझ्या वर्गात असती तर महिन्यात आवाज सुटला असता.

उलारबेकचा निष्कर्ष — दोन्ही पट्ट्या मेल्या. नवी पाठवतो म्हणाला, इकडे येणारी मार्श्रुत्का, ती छोटी बस, चालवणारा त्याच्या ओळखीचा आहे.

७ मार्च

तालीम. आहेत तेवढ्या पानांवरच घेतली. मुलं छान गातात!

संपल्यावर आमच्या साथीला वाजवणारी ल्युबोव पाव्लोव्ना पियानोवरून उठली नाही. चष्मा काढून पुसत बसली. तिने चष्मा काढला की मी सावध होते.

'बुरुल ओसमोनोव्ना, वरच्या मुली शेवटच्या ओळीत उतरताहेत.'

'छे. शुद्ध आहेत.'

'मला स्पष्ट ऐकू येतंय.'

'तुमचा पियानो शेगडीजवळ आहे, उष्णतेने त्याचे सूर हलतात, तुम्हाला माहीत आहे. मुलींना कशाला बोल लावता?'

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघत असती तर मला उत्तर देता आलं असतं. 'बरं' म्हणाली आणि झाकण लावलं.

घरी येईपर्यंत तो 'बरं' डोक्यात होता. पियानो मात्र हलवायलाच हवा.

८ मार्च

महिला दिन. पालकांनी मिमोझाची फुलं आणि एवढा मोठा केक दिला. लॅपटॉपने काळं तोंड.

१० मार्च, रविवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

पट्टी काल संध्याकाळी मिळाली, ड्रायव्हरने अंड्यांच्या ट्रेवर ठेवून आणली. सकाळी बसवली. बटण दाबलं. काळा पडदा, एक लांब बीप!

उलारबेकला फोन करून म्हटलं, 'तू मला मेलेली पट्टी पाठवलीस.'

'माझ्याच टेबलावर तपासून पाठवली, ताएजे. थांबा. एक करून बघा — सगळ्या पट्ट्या काढा. एकही ठेवू नका. आणि चालू करा.'

केलं. आता तो थांबेचना! पीऽऽ पीऽऽ पीऽऽ, पाय आपटणाऱ्या पोरासारखा. बाळ दचकून रडायला लागलं.

'आवाज बदलला?' उलारबेकने विचारलं.

'बदलला म्हणजे! घर डोक्यावर घेतलंय.'

'मग मेमरी ठीक आहे. नसली की त्याला कळतंय, आणि असली की तो दुसरंच काही सांगतोय. पट्ट्या परत बसवा. आणि, ताएजे, रागावू नका — फोन त्याच्याशेजारी ठेवा. मी स्वतः ऐकतो.'

रागावू नका म्हणे. मी फोन टेबलावर आपटला, म्हणजे ठेवला. चालू केला. बीप वाजली.

उलारबेकने ऐकलं. मग, 'पुन्हा करा.'

पुन्हा केलं.

'ताएजे... एक लांब आहे, आणि मागे दोन आखूड.'

'तुझा फोन घुमवतोय आवाज.'

'असेल,' तो जरा थांबून म्हणाला. लहानपणी 'ला' चुकल्यावर थांबायचा तसा. 'पण एक लांब, दोन आखूड असेल तर मी आठवडाभर भलत्याच गोष्टीमागे तुम्हाला पळवलं. या लॅपटॉपच्या भाषेत त्याचा अर्थ, पडदा सापडत नाहीये. बाकी सगळं जिवंत असेल. टीव्हीला जोडून बघा ना.'

जिबेकने न सांगता केबल काढून आणली. टीव्हीच्या मागे वाकले, धूळ नाकात गेली, एक टोक इकडे, एक तिकडे. बटण. मी टीव्हीकडे बघत नव्हते, जिबेकच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या तोंडावर आधी निळा उजेड पडला, मग ती ओरडली — हे मात्र स्पष्ट ऐकू आलं! — 'आपा! आलं!'

भिंतीएवढं माझं गाणं! तिन्ही आवाज, कोमुझ, शेवटची ओळ, सगळं जागच्या जागी. मी खाली तुशोकच्या गादीवर बसले आणि रडले. जिबेक पण रडली. बाळ आधीपासूनच रडत होतं.

उलारबेक फोनमधून ओरडत होता, 'आधी पेनड्राइव्हवर घ्या! रडणं नंतर!'

घेतलं. दोन पेनड्राइव्हवर.

११ मार्च

पानं छापली, वाटली. ल्युबोव पाव्लोव्नाने हातात घेऊन चाळली आणि म्हणाली, 'सुंदर झालंय.' ती उगाच असं म्हणत नाही.

त्या दोन आखूड आवाजांचा विचार केला. साधं आहे. या लॅपटॉपचा स्पीकर म्हणजे नखाएवढा. कोपऱ्यात वेगळा लागतो, टेबलावर वेगळा. फोनला सापडतो, माणसाला सापडत नाही. यात काही विशेष नाही.

१२ मार्च

पडदा पण आला! माझ्या हाताने!

उलारबेक म्हणाला, आता तर नक्की दुकानात द्या, पडद्याची केबल बिजागरीजवळ निसटते, उघडमीट करून. मी म्हटलं, मेमरीभोवती आठवडाभर मला नाचवलंस, आता केबल पण माझीच. जिबेकने फोन धरला, कॅमेरा चालू. मी पडद्याभोवतीची चौकट नखाने उचलत गेले. कटकट आवाज करत सुटत गेली. दर आवाजाला तिकडे उलारबेक 'सावकाश, सावकाश!' करत होता. खाली ती केबल सापडली — चपटी, रिबिनीसारखी, एका बाजूने तिरकी झालेली. सरळ केली, अंगठ्याने दाबली.

बटण दाबलं. पडदा उजळला. बीप नाही, काही नाही, सुरळीत सुरू झाला!

'ताएजे, माझ्या दुकानात येता का कामाला?' उलारबेक म्हणाला.

'तुझ्या दुकानातली पोरं आधी सुरात गायला शिकू देत.'

संध्याकाळी थंड शेवयांचं अश्ल्यान-फू आणून खाल्लं, भरपूर तिखट घालून. जिबेकने आपल्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, 'आपांनी लॅपटॉप बरा केला.' मी शेजारच्या खोलीत बसून ऐकलं. म्हणजे ती मोठ्याने बोलत होती, म्हणून.

१४ मार्च

पूर्ण गाणं आज पहिल्यांदा. अंगावर काटा आला!

ल्युबोव पाव्लोव्ना म्हणाली, 'वरच्या मुलींना मी बाजूच्या खोलीत घेते. रोज, तालमीआधी. तुम्ही खालच्या दोन आवाजांकडे बघा.'

गरज नव्हती खरं तर. पण घेऊ दे. पियानो मी शेगडीपासून हलवायला लावला, त्याबद्दल तिने ब्र काढला नाही, तेव्हा मीही हे सोडून दिलं.

१८ मार्च

बर्फ वितळतंय, रस्त्यात चिखल. मुलींचे टोपीवरचे पिसांचे तुरे भिजू नयेत म्हणून पिशव्यांत घालून नेले. लॅपटॉप मस्त चालतोय.

२१ मार्च, नोरूझ

जिंकलो! जिंकणं म्हणजे असं की बक्षीस वगैरे नव्हतंच. पण गाणं संपल्यावर चौकात एकदम सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! म्हाताऱ्या बायका पुढे येऊन मुलांच्या कपाळाला ओठ लावत होत्या. एक आजोबा मला म्हणाले, 'बुरुल एजे, हे गाणं आमची आई म्हणायची. तिच्यानंतर आज ऐकलं.' मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

ल्युबोव पाव्लोव्ना सुमोलोकची, सणाच्या गव्हाच्या खिरीची, वाटी घेऊन आली. गर्दीत काहीतरी म्हणाली. मी 'हो, हो' म्हटलं. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा 'हो' म्हटलं. तिने माझा दंड धरला, बाजूला नेलं, माझ्या समोर उभी राहिली आणि ओठ नीट हलवून म्हणाली, 'मी विचारलं, बरं वाटतंय ना?'

चौकात केवढा गोंगाट होता! कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

पुढच्या वर्षी चार आवाज करायचे. आत्ताच सुरुवात केली आहे, दोन ओळी झाल्या.

२४ मार्च, रविवार

सकाळी लिहीत बसले होते. जिबेक आत आली. 'आपा, खिडकी लावू का? चिमण्यांनी कहर केलाय, बाळ उठेल.'

खिडकी सताड उघडी होती. जर्दाळूच्या झाडावर चिमण्या होत्या, फांदी वाकेल इतक्या. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

मग तिला विचारलं, 'त्या दिवशी लॅपटॉप तीनदा वाजला होता का गं?'

'हो, आपा.' या वेळी पुटपुटली नाही. माझ्यासमोर येऊन म्हणाली.

उद्या कानाच्या डॉक्टरकडे. तिथून थेट शाळेत — मुलांना माझ्या तोंडून कळायला हवं.