चुन्याच्या घरातलं बाळंतपण

४ नोव्हेंबर १९४८, कळवा

शालूचे पाय सुजलेत, पण तोंडाला चव आली. पहिलटकरीण आहे माझी लेक, महिनाअखेरीला मोकळी होईल. बायजा सुईणीचा खोकला उतरला. काळूभावजींची कंबर मिठागरावर फावडं मारून धरलीय. माझे गुडघे कुरकुरतात – कुरकुरोत. आणि भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ रंगू – ठणठणीत! तिला काय धाड भरलीय! टेकाडावर कौलारू घर, दोनच माणसं, ना पोर ना बाळ.

कालची भाऊबीज माझ्याच ओट्यावर झाली. पंधरा पानं उठली. घर मातीचं, पण पाय लागतात ते माझ्याच घराला.

७ नोव्हेंबर

टेंभी नाक्याहून श्रीपाद मास्तर आले. श्रावणातल्या उधाणात खाडीचा बांध फुटला, तेव्हापासून त्यांच्या मंडळाने ध्यास घेतलाय – वादळ आलं तर कुणी कुठे जायचं. हातात तीन डबे. खाजणाकडच्या सखल घरांना गेरू, म्हणजे आधी बाहेर पडायचं. मधल्यांना पिवडी, म्हणजे तयारीत राहायचं. टेकाडावरच्यांना चुना, म्हणजे त्यांनी बाकीच्यांना घरात घ्यायचं.

माझ्या दाराला गेरूचा पट्टा ओढला. रंगूच्या दाराला चुना.

"गोदूबाई, तुम्ही आणि शालूताई रंगूबाईंकडे," मास्तर म्हणाले. तिची भिंत पक्की, आडोसा चांगला, बाळंतिणीला बरं! म्हणजे माझं पहिलं नातवंड तिच्या घरात जन्माला यायचं? मी म्हटलं, "मास्तर, पट्टा ओढा हो, पण माणसं ओढू नका." हसले बिचारे. पोर वाईट नाही.

८ नोव्हेंबर

रात्रभर डोक्यात गेरू.

१४ नोव्हेंबर

आज तालीम होती. देवळाची घंटा सलग वाजली की निघायचं. गुरांची दावी सोडायची, काडेपेटी बरणीत बंद करायची, चणे-कुरमुरे फडक्यात बांधायचे. सगळा पाडा टेकाडावर गेला. मी जात्यावर बसले, शालूलाही बसवलं.

दुपारी एकेक परतला. "गोदूबाय, रंगूची पेज काय गोड झालेली!" "रंगूनी चटया घातल्या, पानी तापवलं!" माझ्याच ओट्यावर बसून मलाच सांगतात! खाल्ल्या घरचे वासे मोजतात मेले. इतकी वर्षं माझी भाकर खाल्ली, ती एका वाटीभर पेजेत बुडाली.

शालू म्हणाली, "आये, जाऊ या ना गो काकूकडे." मी जातं जोरात फिरवलं.

१६ नोव्हेंबर

विहिरीवर बायजाने विचारलं, "शालूची खोली कुठे धरायची?" मी म्हटलं, "माझ्याच घरात. वांझेच्या घरात माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण नको." वळले तर मागे रंगू, घागर घेऊन. तिने पोहरा सोडला, घागर भरली, गेली.

ऐकलं असेल. ऐकलं तर ऐकलं!

१७ नोव्हेंबर

भाकर गोड लागली नाही. पीठ जुनं असेल.

२१ नोव्हेंबर

सकाळपासून वारा पिसाळलाय. आभाळ ताडपत्रीसारखं. घंटा वाजतेय, माणसं चाललीत. शालूची कंबर दुखते म्हणते. मी सांगितलं, घाबरू नको. आज वद्य पंचमी. आमच्या मिठागरवाल्यांचा हिशोब घड्याळाहून पक्का – तिथीला पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती पुरी, मग ओहोटी. त्यात पुनवेचं उधाण सरलेलं, भांगाकडचं, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीकडे झुकलेलं दुबळं पाणी. हे बांधाच्या गळ्यालासुद्धा लागत नाही. माझ्या सासऱ्यांनी शिकवलंय. मास्तरांच्या डब्यात हे आहे का?

२३ नोव्हेंबर

जिवंत आहोत.

पावणेचार झाले. पाणी परतलं नाही. साडेचारला अंगणात आलं. वाऱ्याने खाडी आत ढकलली होती, ओहोटीला बाहेर जायला वाटच नव्हती. तिथीला वारा ठाऊक नसतो, हे मला या वयात कळलं. शालूला कळा सुरू झालेल्या. मी उंबऱ्याला गोणपाट लावत होते, वेड्यासारखी.

तेवढ्यात रंगू. मांडीभर पाण्यातून, एकटी, कासोटा घट्ट मारलेला.

"जाऊबाय, चल."

मी गोणपाट दाबतच राहिले.

"माज्या घरात नको ना? बरं. ही घे किल्ली. आजपासून घर तुजं. मी आत पाय ठेवनार नाय. देवलात बसते मी. तुज्या घरात तुजी पोर बाळंत होनार – आता तरी उठ गो!"

किल्ली माझ्या मुठीत कोंबली. मागून भावजी आणि श्रीपाद मास्तर आले, त्यांनी दाराची फळी उचकटून शालूला तिच्यावर निजवलं. टेकाडावर पोचलो. रंगू दारापर्यंत आली आणि खरंच वळली, देवळाकडे. मी बोलावलं नाही. देवा, मी त्या वाऱ्यात तिला बोलावलं नाही!

आत माजघर सारवलेलं. बाज घातलेली. शेगडीत कोळसे, ओव्याची पुडी, जुन्या लुगड्यांच्या मऊ घड्या. आढ्याला पाळणा टांगलेला. त्याही वेळी माझ्या मनात आलं – माझ्या नातवंडाला पाळणा टांगणारी ही कोण?

पहाटे मुलगी झाली. नाकीडोळी शालूच.

माझं घर बसलं. भिंती विरघळल्या, आढं खाली आलं. आम्ही तिथे असतो तर –

२४ नोव्हेंबर

बायजा बाळाला न्हाऊ घालत होती. मी म्हटलं, "पाळणा बरा घेतला हो रंगूने, आपला मान मिरवायला."

बायजाने वर पाहिलं नाही. "नवा नाय तो गोदू. लगीन होऊन तिसऱ्या सालाला घेतलेला तिनी. माल्यावरच व्हता. दर दिवालीला उतरवायची, पुसायची, परत ठेवायची."

भावजी ओट्यावरच बसतात, आत येत नाहीत. विचारलं, रंगू कुठे? "देवलातनं परस्पर आंबिवलीला गेली, भावाकडे. म्हनाली, घर वहिनीचं हाय."

२९ नोव्हेंबर

लोक येतात, बाळ पाहतात, माझ्या हातचा चहा पितात. पंधराच काय, वीस पानं उठतात. घर कौलारू, भिंती पक्क्या. हवं होतं ते सगळं मिळालं.

माझं पान मात्र तसंच उचलते.

१ डिसेंबर

भावजींना धाडलं असतं तर ती म्हणाली असती, नवऱ्याने बोलावलं. मीच लिहायला हवं. कार्ड टाकलं. भावाची मुलगी वाचून दाखवील. इथे उतरवून ठेवते –

"रंगूस गोदूचा आशीर्वाद. शालू बरी आहे. बाळ दूध पितं. भावजींची कंबर सुधारली, पण जेवण कमी झालंय. मी विहिरीवर बोलले ते तू ऐकलंस, मला ठाऊक आहे. मी जळत होते गो. तुझं घर उंचावर म्हणून नाही. माझ्यावाचून माणसांचं भागतं, हे दिसलं म्हणून. तुझ्या पाळण्यात पोर शांत झोपते. तू ये. येणार नसशील तर निदान दोन ओळी लिहवून धाड. उत्तर लवकर दे, वाट पाहते."

४ डिसेंबर

उत्तर आलं नाही. रंगूच आली. काखेत गाठोडं, पाय धुळीने भरलेले. स्वतःच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून मला विचारते –

"जाऊबाय, आत आली तं चालंल ना गो?"