सासऱ्यांच्या कमरेचं माप

ती. ताईस,

साष्टांग जमणार नाही (कंबर धरली आहे), म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकलं. आता खरं ऐक.

दहा दिवसांपूर्वी शाळेतून चिठ्ठी आली की मुंगीचं वजन वयाच्या मानाने जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा. (जन्मली तेव्हा ओंजळीत मावत होती म्हणून आपणच ठेवलेलं नाव. आता दहा वर्षांची झाली, तरी नाव काही मोठं झालं नाही.) डॉक्टरीणबाई शहाण्या आहेत. म्हणाल्या, यात अनुवंशिकतेचा बराच वाटा असू शकतो, पण एकच कुठलं तरी जनुक सगळं करतं असं बहुतेक वेळा नसतं, पुष्कळ मिळून थोडं थोडं ओढतात. कुणाला भूक लवकर लागते, कुणाला पोट भरल्याचं उशिरा कळतं, आणि त्यात घरचं खाणं, झोप, खेळ यांची भर पडते. मग एक तक्ता हातात दिला. दोन्हीकडची माणसं लहानपणी कशी होती ते भरून आणा, एवढंच काम. पण आपल्या घरात एवढंच असं काही असतं का? जिना उतरेपर्यंत बाईंचं सगळं बोलणं आम्ही विसरलो आणि एकच प्रश्न उरला, की हे आलं कुणाकडून.

संध्याकाळी सासरेबुवा आले. उभा जन्म ग्रंथपाल म्हणून काढलेला माणूस, पुराव्याशिवाय पाणीही पीत नाही. काखेत आमच्या लग्नाचा अल्बम होता. आमच्या खुर्चीत बसले (खुर्चीने काय ते सांगितलं) आणि तुझ्या-माझ्या बाजूचा तक्ता स्वतःच भरायला लागले. तुझ्यासमोर 'बरी' लिहिलंय, राग मानू नकोस. मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, हे गृहस्थ दोन खुर्च्यांवर बसलेत. मी म्हटलं, ते आत्याचे यजमान, त्यांचं आमचं रक्ताचं नातं नाही. तर म्हणतात, मग त्यांना वाढत कोण होतं? आता यावर माणसाने काय बोलायचं, तूच सांग.

मग माझीही सटकली. दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात बोलावलं आणि तुमच्यासाठी कोट शिवतो म्हणून टेप काढला. त्यांनी पोट आत ओढलं. ते सगळेच ओढतात. अशा वेळी गिऱ्हाइकाला त्याच्या आवडीचं काही विचारायचं, ही आपल्या अण्णांची शिकवण. मी विचारलं, पुस्तकं लेखकावरून लावावीत की विषयावरून? ते जे सुटले, ते पोटासकट सुटले. अठ्ठेचाळीस इंच! तक्त्यात त्यांच्या नावासमोर ठळक लिहिलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मला लहानपणचं हवं होतं, म्हणाल्या, मला आजोबांचा कोट शिवायचा नाहीये. आणि आजोबा माझ्यामागेच उभे होते. तेव्हापासून तुझी भावजय माझ्याशी मुंगीमार्फत बोलते. मीठ कुठे आहे हेसुद्धा मला पोरीकडून कळतं.

मी काही माघार घेतली नाही. भर जेवणात सांगितलं, मी लहानपणी काडी होतो, एकही शर्ट मला कधी घट्ट झाला नाही, अण्णांच्या मापांच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. दुकान माझ्याकडे आलं, वही तुझ्या कपाटात राहिली. ती ताबडतोब पाठव, म्हणजे सासरेबुवांच्या पुढ्यात आपटतो. पत्राचं कारण हेच होतं.

'होतं' लिहिलंय, कारण मधे एक झालं. गुरुवारपासून मुंगीचा डबा भरलेला परत येतोय. विचारलं तर भूक नव्हती म्हणते. काल मी मशीनवर तिचा गणवेश सैल करत बसलो होतो. तुला ठाऊक आहे, शिवणीत जादा कापड दाबून ठेवायचं, ज्याला आपण माया म्हणतो, आणि अंग भरलं की गुपचूप उसवून सोडायचं. यंदाची तिसरी खेप. ती स्टुलावर बसून तुटके दोरे वेचत होती. एकदम म्हणाली, "बाबा, मी आईच्या बाजूची चूक आहे की तुझ्या?" सुई अंगठ्यात गेली. मी म्हटलं, "चूक कसली? तू चूक नाहीस." तर म्हणते, "मग तुम्ही सगळे शोधताय काय?"

ताई, माझीच मला लाज वाटली.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. वही पाठवायची घाई नको. उसवलेल्या जागी जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग दिसत होती. ही नक्षी कसली, असं मुंगीने विचारलं आणि मी गार पडलो. लहानपणी माझ्या प्रत्येक शर्टाला दोन्ही कुशींना तशी नक्षी असायची. कधी दोन-दोन ओळी. मी शाळेत ती मिरवायचो.

ता. क. २. माया सोडली की अण्णा वहीत मापापुढे लाल पेन्सिलीचा ठिपका द्यायचे. माझ्या दहाव्या वर्षाचं पान काढ आणि ठिपके मोज. सासरेबुवांचा कोट मी खरोखरच कापायला घेतला आहे, आत चांगली चार इंच माया ठेवून. बाकी माफी तोंडाने मागेन.

ता. क. ३. ठिपक्यांचा आकडा मला कळवू नकोस. मुंगीला लिही, तिच्या नावाने, वेगळ्या लिफाफ्यात. तिला सांग की तुझा बाबा अगदी तुझ्यासारखाच होता. आणि हेही सांग की अण्णांनी त्याला ते कधी कळूसुद्धा दिलं नाही, आणि त्याने मात्र तुझ्यादेखत घरभर दवंडी पिटली.