ओवैसचं जहाज

३ ऑक्टोबर, शुक्रवार
ओवैसचं जहाज बुडालं. माझे मिस्टर, जहीर, टीव्हीसमोर उभेच होते. म्हणाले, "नाझिया, आधी खाली बस." ग्रीसजवळ. 'अल्मा रेजिना' – जगातलं सगळ्यात आलिशान जहाज, असं पुन्हापुन्हा सांगतायत. इंजिनाकडे आग, मग पाणी शिरलं. अडीच तासांत सगळं संपलं. माझा भाऊ त्यात सगळ्यात खाली, लॉन्ड्रीत कामाला. फोन लागत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
कंपनीच्या नंबरवर बाईनं विचारलं – पाहुणे की कर्मचारी? कर्मचारी म्हटल्यावर दुसरीकडे जोडलं. तिथे नुसतं संगीत वाजत राहतं. पाहुण्यांची यादी टीव्हीवर आली, फोटोंसकट. कर्मचाऱ्यांची नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
काही नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार
दाभोळहून ओवैसच्या बायकोचा, शाझियाचा फोन. लग्नाला तीन वर्षं झाली बिचारीच्या. "आपा, काही कळलं?" मागून अम्मी विचारत होती, "पोहतो ना तो चांगला?" खाडी पार करायचा. पण लॉन्ड्रीला खिडकीसुद्धा नाही – त्यानंच सांगितलं होतं. "आपा, दिवस आहे की रात्र, ते जेवणात काय आहे त्यावरून कळतं." हसत होता.

आज जहीरना नको ते बोलले. इथे आखातात, जहराला, ते मोबाईल दुरुस्त करतात त्या दुकानात एक माणूस हवा होता. ओवैसला तिथे बोलवा, व्हिसाचं बघा, म्हणून वर्षभर मी मागे लागले. "बघतो" म्हणत राहिले. मार्चमध्ये ओवैस जहाजावर गेला. मी म्हटलं, "तुम्ही मनावर घेतलं असतं, तर माझा भाऊ जिवंत असता." तोंडून गेलं – जिवंत असता. तेव्हाच मला कळलं, की मी आशा सोडली आहे.

जहीर उठले, माझा गार झालेला चहा गरम करून आणला. त्याचाच जास्त राग आला.

१३ ऑक्टोबर, सोमवार
कंपनीनं अंगावरची खूण विचारली होती. डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका, असं कळवलं. आज मेल आला – जुळली. नावाचं स्पेलिंग चुकलेलं.

क्लिनिकमध्ये पेशंटचं नाव लिहून घेत होते. बाई म्हणाली, "सिस्टर, पेन उलटं धरलंय."

२१ ऑक्टोबर, मंगळवार
माझ्या इकाम्याचे, इथल्या राहण्याच्या परवान्याचे, कागद अडकलेत, देशाबाहेर पडता येत नाही. जहीर परवा एकटेच गावी गेले. निघताना मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

आज दाभोळला दफन झालं. जहीरनी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल धरला होता. गावातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत – अम्मी घरात, शाझिया घरात. मी मात्र सबाह अल-सालेममधल्या या खोलीतून मातीच्या शेवटच्या मुठीपर्यंत सगळं पाहिलं. जहीरचा हात एकदाही हलला नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
शाझियाचा फोन. "आपा, जहीरभाईंवर राग धरू नका. व्हिसा फेब्रुवारीतच आला होता. यांनीच नको म्हटलं. दुकानात बसायचं नव्हतं, बंदरं बघायची होती. आपा रडून मला थांबवेल, तिला कळू देऊ नका – असा जहीरभाईंकडून शब्द घेतला होता."

जहीरनी सोळा दिवस माझं सगळं ऐकून घेतलं. मेलेल्याला दिलेला शब्द मोडला नाही.

उद्या दुपारी त्यांचं विमान उतरतं. मी विमानतळावर जाणार आहे. काय बोलायचं, अजून सुचलेलं नाही.