सर, फेअर कॉपी राहिली

प्रिय सर,

एक प्रश्न पडलाय आणि विचारायला तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्ही गेलात त्याला पंधरा दिवस झाले, हे माहीत असूनही लिहितोय.

मी आता पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. काल निळ्या रंगाच्या डबीवर वाचलं, ‘प्रशियन ब्लू’. पी मोठा. प्रशिया नावाचा देश आता नकाशात नाही म्हणतात. मग अक्षर मोठं कसं, सर? देश गेला तरी मान राहतो? डबी फिरवत बसलो तर मालक ओरडले, “रंग लाव रं! गणपती काय इंग्रजीत बोलनार हाय?”

देशाच्या नावावरून आलेलं विशेषण, पहिलं अक्षर मोठं. हे मी कुठे शिकलो, आठवतं? तुमच्या वैशालीला लिहिलेल्या पत्रात! इंग्रजीत लिहिलं की भाव वाढेल, ही माझी अक्कल. पत्र तिच्या इंग्रजीच्या वहीत सरकवलं आणि ती वही तपासायला तुमच्याच टेबलावर गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलावलंत. मी मार खायच्या तयारीने आलो. तुम्ही कागद पुढे केलात, सगळा लाल! इंडियनचा आय लहान, चूक. फ्रेंच परफ्यूमचा एफ लहान, चूक. ब्युटीचा बी उगाच मोठा, तीही चूक. “नीट लिहून आण,” एवढंच म्हणालात.

ओरडला असतात तर चाललं असतं हो! मला वाटलं, माझ्या प्रेमाची थट्टा केलीत. डोकं फिरलं. कागद तिथेच टाकून निघालो, तो पुन्हा कॉलेजात पाऊल ठेवलं नाही.

परवा तेराव्याला रोह्याजवळ तुमच्या वरसे गावच्या घरी आलो, तेव्हा वैशालीने तोच कागद हातात ठेवला. तुमच्या खणात होता. डोळे सुजलेले, तरी चिडलीच. “तुला एवढं पण कळलं नाय? ज्याच्याकडून आशा नाय त्याच्या पेपरावर बाबा नुसती एक तिरकी रेघ मारायचे. चुका काढल्या की फेअर कॉपीची वाट बघायचे. दोन वर्षं विचारत होते, महेश आला का?”

दोन वर्षं! मग निरोप का नाही धाडलात? रोह्याहून पेण असं किती लांब? आणि मी तरी का नाही आलो?

अजून एक विचारायचंय. ‘नीट लिहून आण’ म्हणालात, ते कोणाकडे? तुमच्याकडे, की तिच्याकडे? मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “लिहून तर आण आधी.”

तर सर, हंगाम संपला की कॉलेजच्या राहिलेल्या परीक्षेचा फॉर्म भरतो. पत्रही पुन्हा लिहितो, इंग्रजीतच. आधी तुमच्या फोटोपुढे ठेवीन, मग तिला देईन. इंडियनचा आय मोठा, फ्रेंचचा एफ मोठा. शब्द देतो.

ब्युटीचा बीसुद्धा मोठाच ठेवणार आहे. तेवढी एक चूक राहू द्या.

तुमच्या लाल शाईचा,
महेश