सरांच्या तासाचं चित्रण

सोमवार, ४ नोव्हेंबर

आला! स्वतःच्या पायांनी चालत आला!

सकाळी कॅमेऱ्याची तिपाई पुसत होतो, तर दारात गणिताचे सर. केस पिकलेत, आवाज तोच. आमच्या कॉलेजातल्या अध्यापन केंद्राच्या मॅडमना म्हणाले, "पहिल्या वर्षाच्या मुलांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिलाय. या महिन्याच्या बैठकीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर वर्ग काढून घेणार म्हणतात. तुम्ही म्हणे शिकवायला शिकवता?"

मॅडम हसल्या. "शिकवत नाही सर, नुसता आरसा धरतो."

आरसा धरणारा मी. प्राध्यापकांच्या तासाला दोन कॅमेरे लावायचे, एक त्यांच्यावर, एक मुलांवर. मग ते आणि मॅडम बंद खोलीत बसून बघतात, चित्रण लावायला मी असतोच, आणि काय बदलायचं ते ठरवतात. पुढे त्यातला एक तुकडा सगळ्या प्राध्यापकांच्या बैठकीत दाखवायचा. तो कापून जोडतो मीच.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "हा करणार चित्रण? छान."

ओळखलं नाही!

मंगळवार, ५ नोव्हेंबर

लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल. माझं पहिलं वर्ष, यांचाच तास. मी विचारलं, सर, ही पायरी कुठून आली? म्हणाले, "उभाच राहा. समजलं की बस." आणि पुढे शिकवत राहिले. मी तास संपेपर्यंत उभा. मागून कुणीतरी ओरडलं, "ए खांबा, सरक ना, फळा दिसत नाही!" वर्ग हसला. सरही हसले. सरही!

त्यानंतर कॉलेजभर मी खांब. दोन-चार दिवस सोसलं, मग गेलोच नाही. शिक्षण तिथेच संपलं.

ताई म्हणाली, "अरे, अजून तेच उगाळतोयस? त्या माणसाला तुझं तोंडही आठवत नाही."

तेच तर!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

पहिलं चित्रण. काय तो तास! वर्गाकडे पाठ, स्वतःशीच पुटपुटणं, कुणी हात वर केला की "नंतर, नंतर". मुलांवरच्या कॅमेऱ्यात अर्धा वर्ग पेंगतोय. मी खूश.

पण मॅडमबरोबर सरांनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "मला हा माणूस शिकवायला असता तर अर्जावर पहिली सही माझी असती."

मॅडमना ते फार आवडलं. मला नाही. असलं एखादं वाक्य टाकून सुटतात ही माणसं!

सोमवार, ११ नोव्हेंबर

पुढच्या चित्रणासाठी कॅमेऱ्यांची जागा ठरवायला तासाला जाऊन बसलो. सर सुधारतायत. माझ्या डोळ्यांदेखत!

मॅडमनी सांगितलं, प्रश्न विचारला की गप्प राहा, मुलांना विचार करू द्या. तर हे पाठीमागे बोटांवर आकडे मोजत थांबतात, शाळेतल्या मुलासारखे. एका मुलाचं उत्तर साफ चुकलं. तर विचारतात, "असं का वाटलं तुला? सांग, सांग." तो सांगत गेला आणि स्वतःच बरोबर उत्तरावर आला. सरांचा चेहरा असा, जणू पोराचं पहिलं पाऊल बघितलं.

मला कुणी विचारलं होतं, का वाटलं म्हणून?

बुधवार, १३ नोव्हेंबर

सापडलं!!

दुसरं चित्रण, बैठकीसाठीचं. तास उत्तम चालला होता. शेवटी शेवटी निळ्या स्वेटरवाल्या मुलीनं विचारलेलंच पुन्हा विचारलं, आणि सरांचा तोल गेला. "अगं, डोकं घरी ठेवून येतेस का?" वर्ग खदखदला. सर लगेच वरमले, तिच्या बाकापाशी जाऊन माफी मागितली, सगळं पहिल्यापासून समजावलं. पण मुलांवरच्या कॅमेऱ्यात तिचा चेहरा आलाय. आधी वर्गाबरोबर हसायला जाते, ते जमत नाही. मग ती वहीत बघत बसते.

माफी कापली. चांगला तास कापला. तेवढंच ठेवलं.

आमच्याकडे मुलांचे चेहरे धूसर करायचा नियम आहे. आजवर एकदाही चुकलो नाही, पाठमोरा कानसुद्धा धूसर केलाय. पण हा चेहरा पुसला तर उरतं काय? नाही केला. उलट मोठा केला.

मॅडम तापानं फणफणल्यात. फोनवर म्हणाल्या, "तू केलंयस ना? मग मी बघायची गरज नाही."

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

जिरली! पुरती जिरली!

सभागृह भरलं होतं. पडद्यावर आधी सर, मग तिचा चेहरा, भिंतीएवढा. कुणी हसलं, कुणी "अरेरे" म्हणालं. खुर्च्या लावायला आलेली मुलं मागे उभी होती, त्यांनी मोबाइल उंच धरले. म्हटलं धरा, नीट धरा!

विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "हीच का सुधारणा, सर?"

सर उभे राहिले. माझी नजर त्यांच्यावरच. वाटलं, आता म्हणतील, मी माफी मागितली होती, ती कुठे गेली? उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "बोललो खरा मी तसं." आणि बसले.

शनिवार, १६ नोव्हेंबर

वर्ग काढून घेतला. घरी येताना ताईसाठी तिला आवडतो तो साबण आणला.

"आज काय विशेष?"

"काही नाही."

"सरांची वाट लावून आलास वाटतं," म्हणाली, आणि साबण घेतला नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

त्या वर्गावर नवे सर आलेत. त्यांचं चित्रण केलं. बरे आहेत. कामात लक्ष नव्हतं. निळा स्वेटर कुठे दिसला नाही. थंडी कमी झाली असेल.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

ती आली होती. वडील तिचा कॉलेज सोडल्याचा दाखला घ्यायला कार्यालयात गेले होते, ती आमच्या दारात थांबली. म्हणाली, "त्या मोबाइलवरच्यामुळे रस्त्यातसुद्धा हसतात. सरांनी तर तेव्हाच माझी माफी मागितली होती. ते का नाही दाखवलंत?"

वेळेत बसत नव्हतं, म्हणालो.

"बरं," म्हणाली. आणि गेली.