सातवं उदाहरण

बर्गन, सप्टेंबर

प्रिय बाबा,

"उदाहरणात माणसं असतात, नाती नसतात," असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या नीतिशास्त्राच्या पुस्तकातलं सातवं उदाहरण वाचून मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा.

विद्यापीठात पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच तत्त्वज्ञानाची परीक्षा द्यावी लागते आणि पुस्तक अजून तुमचंच आहे. काल सुन्निवा ब्रेडवर तपकिरी चीज ठेवता ठेवता म्हणाली, "आई, आजोबांच्या पुस्तकातली ही बाई किती भित्री गं! मरणाऱ्या आईला सांगते, भाऊ बोटीत बसलाय म्हणून. आणि तो तर येणारच नसतो!"

"असेल," मी म्हटलं. "चीज फ्रिजमध्ये ठेव."

लेकीला मी काही सांगितलं नाही. मला काही वाटलंही नाही. हात धुतले आणि कामावर गेले.

तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे. आयविन फोनवर 'नाही येत' म्हणाला आणि मी आईला 'निघालाय' म्हणून सांगितलं. पण ते ऐकून आईने माझ्याकडून केस विंचरून घेतले, निळा स्वेटर मागितला आणि बंदराच्या बाजूला तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी गेली, तेव्हाही तशीच होती.

नवी आवृत्ती निघतेय म्हणे. युक्तिवादाला याचा उपयोग नाही, असंच तुम्ही म्हणाल. हे पत्र पोस्टातही पडणार नाही, तरी विचारते. त्या बाईच्या खोट्यापुढे एवढं एकच वाक्य लिहाल का: आईने केस विंचरून घेतले?

सिग्ने